सौर दिवा, बॅटरी आणि व्होल्टेजचा हिशेब

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. अंकासाठी काही ठिकाणी विस्तार केला आहे.)



आजच्या दिवशी व्यासपीठावरून बहुधा इतिहासावर बोलले जाते. ते बोलणारे विद्वान आपल्यात आहेत. समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले की, आम्ही बॅटरीवर बोलू. दोघे-तिघे हसले. हसू द्या. पण या विहाराच्या छपरावर सोलर बसल्यापासून दोन बॅटऱ्या गेल्या, आणि त्या वर्गणीतून आल्या होत्या. त्या वर्गणीत हजाराच्या हिशेबाने विड्या वळणाऱ्या आपल्या भगिनींचे पैसे होते. दुसरी बॅटरी गेल्यावर वस्तीत बोलणे सुरू झाले की, सोलर म्हणजे नुसती फसवेगिरी, ऊन काय फुकटचे दिवे लावते होय? आमचे म्हणणे असे की ऊनही निर्दोष आहे आणि पॅनेलही निर्दोष आहे. बॅटऱ्या मारल्या गेल्या त्या व्होल्टेजकडे लक्ष न दिल्यामुळे. तेवढेच आज समजावून सांगायचे आहे.

आम्ही इंजिनिअर नाही. सुरुवातीची वर्षे मागावर गेली, पुढे सूतगिरणीत. शाळा मध्येच सुटली. जे शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांतून आणि गिरणीतल्या वायरमनच्या मागे फिरून. म्हणून आकडे सांगू ते साधे सांगू, पण आकड्यांवाचून सांगणार नाही. अंदाजाने बोलणारे पुष्कळ आहेत.

आधी पॅनेल. आपण वस्तीत त्याला 'प्लेट' म्हणतो; पण बॅटरीच्या आतही प्लेटा असतात, घोटाळा नको म्हणून आम्ही पॅनेलच म्हणू. अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५४ साली सिलिकॉनचा कामाचा सौर घट तयार झाला. आज आपल्या छपरावर आहे तो त्याचाच नातू. एका घटाचे व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास, जास्त नाही. म्हणून एकामागे एक असे ३६ घट जोडतात. पॅनेलच्या मागची चिठ्ठी वाचा. १२ व्होल्टच्या म्हणून विकलेल्या पॅनेलवर २१-२२ व्होल्ट लिहिलेले दिसेल, ते काहीच जोडलेले नसतानाचे. त्याखाली १७-१८ लिहिलेले असेल, ते भरपूर काम करतानाचे.

आता कोणीही विचारील, बॅटरी १२ ची, मग पॅनेल १८ चे कशाला? दुकानदार लुटतो काय? नाही. चिठ्ठीवरचे आकडे घट २५ अंशांवर असतानाचे असतात. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्यावर हात ठेवून पाहा. पॅनेल हवेपेक्षा २५-३० अंश जास्त तापते, म्हणजे घट सहज ६५ अंशांवर जातो. प्रत्येक अंशाला एका घटामागे साधारण २ मिलिव्होल्ट कमी होतात. ३६ घट आणि ४० अंश वाढले, गुणाकार करा : जवळजवळ ३ व्होल्ट गेले. साडेसतराचे साडेचौदा उरले. त्यातून डायोडचा अर्धा व्होल्ट गेला, तारेत थोडा गेला. बॅटरी पुरती भरायला लागतात १४.४. म्हणजे ते १८ व्होल्ट चैनीचे नाहीत, आपल्या उन्हाळ्यात जेमतेम पुरतात. ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असे लोक समजतात. उजेड वीज देतो, उष्णता ती कमी करते. पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसवता वीतभर वर उचलून बसवायचे, खालून वारा खेळला पाहिजे, ते याचसाठी.

डायोड म्हणजे काय तेही सांगतो. रात्री पॅनेल वीज देत नाही, उलट बॅटरीतली वीज हळूहळू त्यातून परत झिरपू शकते. डायोड म्हणजे एकाच बाजूने उघडणारे दार. चांगल्या कंट्रोलरमध्ये ही सोय आत असतेच.

आता बॅटरी. शिसे आणि आम्लाची बॅटरी फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांते यांनी १८५९ साली केली. इतकी जुनी वस्तू आहे, तरी अजून ती आपल्याला वापरता येत नाही! १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात, प्रत्येकी २ व्होल्टचे. बॅटरी पूर्ण भरून काही तास निवांत राहिली की मीटर १२.६ ते १२.७ दाखवतो. १२.२ दाखवला तर अर्धी रिकामी. ११.९ च्या खाली गेली तर ती उपाशी आहे असे समजा. पाहा, भरलेली आणि रिकामी यांत जेमतेम पाऊण व्होल्टचा फरक. दिवा 'बरा लागतोय' एवढ्यावरून हे कळत नाही. त्याला मीटरच लागतो. साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, एका बॅटरीच्या किमतीत असे कितीतरी येतील.

पहिली बॅटरी कशी गेली ते आता ऐका. ७५ वॅटचे पॅनेल आणि ४० अँपिअर-तासांची बॅटरी. बसवून देणाऱ्याने मध्ये काहीही न ठेवता पॅनेलच्या दोन तारा थेट बॅटरीला जोडल्या आणि पैसे घेऊन गेला. परीक्षा चालू असेपर्यंत ठीक चालले, कारण रात्री मुले वीज वापरत होती. मग सुट्टी लागली, अभ्यासिकेला कुलूप. बॅटरी भरलेली, वापर शून्य, आणि छपरावर ऊन तर रोजच आहे. पॅनेल रोज ४ अँपिअर ढकलत राहिले. भरलेल्या बॅटरीत वीज ढकलली की ती साठत नाही, आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करून टाकते. एक अँपिअर-तास जादा गेला की सहा घरांत मिळून साधारण २ ग्रॅम पाणी उडते. दिवसाला ५ तास धरा, ४ अँपिअर, म्हणजे २० अँपिअर-तास, ४० ग्रॅम पाणी. दीड महिन्यात पावणेदोन लिटर! एवढ्याशा बॅटरीत तेवढे पाणी उडाल्यावर राहिले काय? प्लेटा उघड्या पडल्या, सुकल्या, वाकल्या. जूनमध्ये कुलूप उघडले तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. ती बॅटरी ठेवली होती मूर्तीसमोरच्या टेबलाखाली, कपडा लावून, दिसायला नीट म्हणून. वर आपण मेणबत्ती आणि अगरबत्ती लावतो. हायड्रोजन हा पेट घेणारा वायू आहे, बंद जागेत साठला तर ठिणगीने स्फोट होतो. सुट्टीत तिथे कोणी मेणबत्ती लावली नाही म्हणून निभावले. बॅटरी मोकळ्या हवेत, ज्योतीपासून लांब, लहान मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवायची. यात तडजोड नाही. घरी देव्हारा असो, चूल असो, गॅस असो, तिथेही हाच नियम.

दुसरी बॅटरी उलट कारणाने मेली. पहिली अतिखाण्याने, ही उपासमारीने. त्याच माणसाने एक स्वस्तातली डबी लावून दिली. ती वरचे व्होल्टेज तोडत होती, पण खालचे राखत नव्हती. मुले रात्री दिवे पिवळे पडेपर्यंत अभ्यास करत. त्यांना दोष कसा द्यावा? आणि दिवसा दुपारी दोननंतर पिंपळाची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर येत होती. लोक म्हणायचे, एवढासा कोपरा, बाकी सगळे पॅनेल तर उन्हात आहे! पण ३६ घट हे एका दोरीत ओवलेले आहेत, एकाने अडवले की सगळ्यांचा करंट अडतो. काही पॅनेलमध्ये सावलीतला अर्धा भाग वगळून वीज नेण्याची सोय असते. पण अर्धे वगळल्यावर उरतात ८-९ व्होल्ट, आणि तेवढ्यात १२ ची बॅटरी चार्ज होत नाही. म्हणजे सावली चार बोटांची आणि चार्जिंग जवळपास शून्य. बॅटरी रोज अर्धपोटी, रोज पूर्ण रिकामी. अशा बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या क्षाराचे खडे जमतात आणि घट्ट होतात, मग ती कितीही चार्ज केली तरी भरत नाही. पिंपळाची फांदी तोडण्याची सूचना आली होती. सभेत ती एक मिनिटही टिकली नाही. पॅनेलच दुसऱ्या टोकाला नेले, तोंड दक्षिणेला, उतार साधारण १८ अंश, कारण सोलापूरचा अक्षांश तेवढाच आहे.

मग करायचे काय? पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसतो तो चार्ज कंट्रोलर, म्हणजेच व्होल्टेजचा रेग्युलेटर. सगळ्या सामानात सर्वात छोटी आणि सर्वात दुर्लक्षित वस्तू ही. भगिनींना एकदम कळेल असे सांगतो. नळाला पाणी येते तेव्हा रिकामा हंडा असताना तुम्ही तोटी पूर्ण सोडता. हंडा भरत आला की तोटी बारीक करता, नाहीतर पाणी अंगणात. कंट्रोलर हेच करतो. सुरुवातीला पॅनेलचा सगळा करंट बॅटरीत जाऊ देतो. व्होल्टेज १४.४ ला पोचले की करंट बारीक करतो आणि व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो. पुरती भरली की १३.५ ते १३.८ वर आणून नुसती राखतो. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह आणि हा, भाऊभाऊच म्हणा.

हे काम तो कसे करतो, याच्या दोन जुन्या तऱ्हा आहेत. एकीत तो पॅनेल बॅटरीपासून तोडतो. दुसरीत पॅनेलच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकतो, म्हणजे शॉर्ट करतो. हे ऐकून तुम्ही दचकाल, कारण घरच्या विजेत शॉर्ट म्हणजे आग. पण पॅनेल आपल्या ठरलेल्या करंटपेक्षा फारसे जास्त देऊच शकत नाही, त्याला शॉर्टने काही होत नाही. बॅटरीचे मात्र तसे नाही. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो. म्हणून फ्यूज बॅटरीजवळच हवा, लांब नको. आताचे स्वस्त कंट्रोलर सेकंदाला अनेकदा उघडझाप करून करंट कमी-जास्त करतात, त्यांना पीडब्ल्यूएम म्हणतात. त्याहून महाग एमपीपीटी असतात. छोट्या ३६ घटांच्या पॅनेलला पीडब्ल्यूएम पुरतो. पण मोठ्या सोलरचे ६० घटांचे जुने पॅनेल कोणी स्वस्तात दिले तर सावध राहा. ते ३० व्होल्टवर ८ अँपिअर देते, म्हणजे सुमारे २४० वॅट. पीडब्ल्यूएममधून १३ व्होल्टच्या बॅटरीत तेच ८ अँपिअर गेले तर झाले १०४ वॅट. निम्म्याहून जास्त वीज वाया. तिथे एमपीपीटीच लागतो.

कंट्रोलरचे दुसरे काम खालच्या बाजूचे. मागावर काम केलेल्यांना स्टॉप मोशन आठवत असेल. ताण्याचा एक धागा तुटला की पत्ती खाली पडते आणि माग आपोआप थांबतो, नाहीतर वारभर कापड खराब. तसेच बॅटरी ११.१ ते ११.५ च्या दरम्यान उतरली की कंट्रोलर दिवे बंद करतो. मुले चिडतात, अभ्यास बुडतो म्हणतात. त्यांना समजावून सांगा की आज अर्धा तास आधी बंद झाले म्हणून ही बॅटरी पुढच्या वर्षीच्या मुलांना मिळणार आहे. बंद केल्यावर ती पुन्हा चालू कधी होते? साधारण १२.६ ला. मध्ये एवढे अंतर का? दिवे बंद होताच बॅटरीचे व्होल्टेज आपोआप थोडे वर येते. अंतर ठेवले नाही तर दिवे लागतील, विझतील, लागतील, विझतील. काही जण कंट्रोलर बिघडला असे समजून त्याला वगळून थेट जोडणी करतात. तो बिघडलेला नसतो, काम करत असतो.

आपल्या गावासाठी आणखी एक गोष्ट. बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेज पुरते. २५ अंशांवर १४.४, तर ४० अंशांवर १४ च्या आसपास. चांगल्या कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर असतो व तो हे आपोआप करतो. विकत घेताना हे विचारायचे. दुकानदाराला माहीत नसेल तर दुसरे दुकान.

तारेविषयी थोडे. घरच्या २३० व्होल्टमध्ये एक व्होल्ट तारेत गेला तर कोणाला पत्ता लागत नाही. १२ व्होल्टमध्ये एक व्होल्ट म्हणजे सगळा खेळ. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, छपरापासून १० मीटर, जाऊन-येऊन २० मीटर, आणि ३ अँपिअर करंट : एक व्होल्टहून थोडा जास्तच तारेत गेला. अडीचची तार घातली तर अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी ठेवायचा, म्हणजे त्याला बॅटरीचे खरे व्होल्टेज दिसते. आणि जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे. काढताना उलट क्रम.

मोबाइल चार्जिंगचे पुष्कळ जण विचारतात. मोबाइलला ५ व्होल्ट लागतात. पेठेत पाच-दहा रुपयांना ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर मिळतो, हौशी मुले तो लावतात. तो १२ मधले ५ पुढे देतो आणि उरलेल्या ७ व्होल्टची नुसती उष्णता करतो. एक अँपिअरला मोबाइलमध्ये गेले ५ वॅट आणि तापण्यात गेले ७! त्याऐवजी गाडीत लावतात तो १२ व्होल्टचा यूएसबी चार्जर वापरा. तो उघडझाप पद्धतीचा असतो, फार थोडी वीज वाया घालवतो.

लिथियमच्या बॅटऱ्या आता आल्या आहेत, हलक्या, जास्त टिकणाऱ्या. त्यांचे व्होल्टेजचे नियम वेगळे आणि जास्त कडक. शिशाच्या बॅटरीचा कंट्रोलर त्यांना तसाच जोडू नये, लिथियमची सेटिंग असलेलाच घ्यावा, आणि बॅटरीत स्वतःचे संरक्षक सर्किट आहे ना हे पाहावे.

दरम्यान, २०२४ साली केंद्र सरकारने घरांच्या छतावरील सोलरसाठी अनुदानाची योजना आणली, ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये. ज्यांचे छत पक्के व स्वतःचे आहे त्यांनी जरूर चौकशी करावी. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ती वीज लाइनला जोडलेली असते, आणि लाइन गेली की ती यंत्रणा स्वतःहून बंद होते, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये. बॅटरी नसेल तर भर दुपारीही घरात पंखा नाही. दुसरी गोष्ट, ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे आणि जागेचा उतारा दुसऱ्याच्याच नावाचा आहे, त्यांच्यासाठी अजून तरी हे छोटे पॅनेल आणि ही छोटी बॅटरीच आहे. म्हणून ती नीट सांभाळायला शिकणे आले.

आणि हे शिकायला पदवी लागत नाही. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे बेअरफूट कॉलेज आहे. तिथे खेड्यातल्या, फारसे न शिकलेल्या बायका, आफ्रिकेतल्या कित्येक देशांतून आलेल्या आजीबाईसुद्धा, रंग ओळखून सुटे भाग जोडतात आणि चार्ज कंट्रोलर स्वतः सोल्डर करतात. एकमेकींची भाषाही येत नाही, तरी शिकतात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्यात विजेचाही विषय होता, आणि देशाला वीज स्वस्त व मुबलक मिळाली पाहिजे असा आग्रह त्यांनी १९४३ साली धरला होता. ज्यांनी विजेचा असा विचार केला त्यांच्या नावाने चालणाऱ्या अभ्यासिकेत मुलींना मल्टिमीटर धरता आला पाहिजे, एवढेच आम्ही म्हणतो.

आता तिसऱ्या बॅटरीचा हिशेब मांडतो. ७५ वॅटचे पॅनेल, आपल्याकडे दिवसाला साडेचार-पाच तासांचे पूर्ण ऊन धरायचे, म्हणजे साधारण ३५० वॅट-तास. उष्णता, तारा, बॅटरी यांत एक तृतीयांश जाईल. उरले २३० च्या आसपास. अभ्यासिकेत ९ वॅटच्या चार एलईडी ट्यूब पाच तास, म्हणजे १८०. एक छोटा १२ व्होल्टचा पंखा दोन तास, ४०. झाले २२०. म्हणजे हिशेब काठोकाठ आहे, दुसरा पंखा बसणार नाही, कितीही उकडले तरी. बॅटरी ४८० वॅट-तासांची, त्यातली निम्मीच वापरायची. पावसाळ्यात ढगाळ दिवस लागोपाठ आले तर दोन ट्यूब बंद ठेवायच्या, पंखा नाही. महिन्यातून एकदा पाणी पाहायचे. डिस्टिल्ड वॉटरच घालायचे, नळाचे नाही, आणि आम्ल तर कधीच नाही. पॅनेल आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायचे, सकाळी, तापण्याआधी.

समितीने एक वही व एक मीटर घेतला आहे. ती दोन्ही अभ्यासिकेच्या कपाटात असतात. दहावीच्या दोन मुली रोज सकाळी, पॅनेलवर ऊन यायच्या आत, बॅटरीचे व्होल्टेज लिहितात. ज्यांना घरची बॅटरी तपासून घ्यायची असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर आणावी. मात्र शनिवारी रात्रीच ती चार्जिंगवरून आणि दिव्यावरून दोन्हीकडून सोडवून ठेवावी. गरम गरम आणलेल्या बॅटरीचा आकडा खोटा येतो, तो आम्ही वहीत लिहून घेणार नाही.